माकडहाडावरची गाठ लपवू नको

भावा, मूळव्याध समजून मलम चोळत बसू नको. माकडहाडावर गाठ, ठणका आणि ताप सांगतोयस, त्यावरनं हा पायलोनिडल सायनस वाटतो. माकडहाडाखालच्या फटीत तुटके केस घासून कातडीत घुसतात, आत पोकळी होऊन ती पिकते. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये धक्के खात बसणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हा इतका पसरला की 'जीपचा आजार' असंच नाव पडलं. तू तर दिवसभर साताऱ्यात वडाप (सीट भरून न्यायची गाडी) मारतोस.

ठणका आणि ताप आहे म्हणजे पू साठला असणार. तो नुसत्या गोळ्यांनी जात नाही, चिरा देऊनच काढावा लागतो. आजच सर्जनला दाखव, घरी पिळू नको. पुढं मोठं ऑपरेशन ठरलं तर एवढं विचार: टाके फटीच्या मधोमध घालणार की बाजूला? मधोमध घातले तर पुन्हा उद्भवायची शक्यता जास्त. जखम उघडी ठेवली तर भरायला आठवडे जातात आणि रोजचं ड्रेसिंग दुसऱ्यालाच करावं लागतं. तिथं लाजून कसं चालेल? सिगरेट तेवढी सोड, जखम भरू देत नाही.

नंतर खरं काम केसांचं. जखम भरली की डॉक्टरांना विचारून तिथले केस काढत राहा. लेझर परवडलं तर उत्तम. डोक्यावरचे केससुद्धा गळून तिथं अडकतात, म्हणून कटिंग करून आलास की आधी अंघोळ. आणि स्टँडवर सीट भरेपर्यंत गाडीत बसून राहू नको, खाली उतर.