धावण्याचं अंतर मोजायला साडेआठ हजार?

प्रश्न : मी 39 वर्षांची, अमळनेरला खासगी शाळेत शिक्षिका. पगार 27 हजार, यजमानांचं स्पेअर पार्टचं दुकान. बाजूला साधारण 40 हजार शिल्लक. विमा म्हणाल तर यजमानांची एलआयसीची एक पॉलिसी, बस. दोन महिन्यांपासून पहाटे धावते आहे. परवा धरणगाव रस्त्याने किलोमीटरचे दगड मोजत पाच किलोमीटर पळाले, तर मोबाइलने 4.6 दाखवले, आणि नकाशात मी सरळ कपाशीच्या शेतातून गेलेली! पुण्याचा भाचा म्हणतो, बुटाला लावायचा सेन्सर घे, साडेआठ हजारांना पडेल. मोबाइलवाला म्हणतो, फोनच जुना झालाय, 24 हजारांचा घ्या, बारा महिने बिनव्याजी हप्ता. जानेवारीत हाफ मॅरेथॉन करायची आहे. काय घेऊ? ता.क. धावायला लागले ते रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी 6.1 आली म्हणून.

ताई, यातलं काहीच घेऊ नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

आधी ती कपाशीतली रेघ पाहू, कारण सगळा खर्च तिच्यावरूनच निघालाय. फोन उपग्रहांचे सिग्नल घेऊन दर एक-दोन सेकंदांनी तुमची जागा टिपतो आणि ते ठिपके जोडत जातो. डोक्यावर मोकळं आभाळ असेल तर साध्या फोनची चूक पाच मीटरच्या आसपास असते. मुंबईच्या उंच इमारतींत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे जास्त चुकतं. तुमच्या धरणगाव रस्त्याला मोकळ्या आभाळाची काय कमी? सरळ रेघ आली याचा अर्थ मधले ठिपके टिपलेच गेले नाहीत. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोन मागे चालणाऱ्या ॲपचा गळा दाबतो. वळणावर तो झोपला, पुढे जागा झाला, आणि दोन टोकं सरळ जोडून मोकळा झाला. वळण गेलं, चारशे मीटरही गेले.

सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन त्याच्यावरची बंधनं काढून टाका आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. घरातून निघाल्यावर अंगणात अर्धा मिनिट थांबा, ॲपने जीपीएस मिळाल्याचं दाखवलं की मगच पळायला लागा. मग त्याच दगडांच्या मधून तीन वेळा धावून बघा. शंभरात एक-दोनचा फरक राहिला तर सोडून द्या. खर्च शून्य. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी रिकाम्या हाताने पाठवतो म्हणून बायको हसते, पण या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच आहे.

आता भाच्याचा सेन्सर. वस्तू वाईट नाही. बुटाच्या लेसला अडकवायची चिमुकली डबी, आत हालचाल ओळखणारी चिप. पाय किती वेळ जमिनीवर टेकला, किती जोरात पुढे गेला, यावरून ती प्रत्येक पावलाची लांबी काढते. उपग्रह लागत नाही, म्हणून बंद हॉलमध्ये ट्रेडमिलवरही चालते. वेग बदलला की फोनपेक्षा लवकर सांगते. पण ती तुमच्या पायाला जुळवून घ्यावी लागते. मोजलेल्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून तिला सांगावं लागतं की बाई, हे आठशे मीटर झाले. म्हणजे मोजायचं यंत्र घेतलं तरी आधी मोजलेली जागा हवीच. तुम्ही ट्रेडमिलवर धावत नाही. मग जे काम फोन करत नाही ते तुम्हाला नकोच आहे.

हिशोबाला धरून बोलायचं तर सेन्सर महाग आहे असंही मी म्हणणार नाही. आठवड्याला 20 किलोमीटर धरले तर वर्षाचे हजार किलोमीटर. तीन वर्षं टिकलात तर किलोमीटरला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत, बुटापेक्षा स्वस्त. पण पावसाच्या झडीत सुटलं आणि सगळे मिळून दीडशे किलोमीटरच झाले, तर प्रत्येक किलोमीटर 57 रुपयांना पडला. तुम्ही धावताय दोन महिने. घराघरांत कपडे वाळत घातलेल्या सायकली मी पुष्कळ पाहिल्यात.

आणखी एक धोका किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. अशी डबी स्वतः काहीच दाखवत नाही, ती कुणाच्या तरी ॲपच्या जिवावर जगते. 2006 मध्ये नाइकी आणि ॲपलने मिळून बुटातला सेन्सर काढला, 29 डॉलरला, आयपॉड नॅनोला जोडायचा. त्याचा सेलसुद्धा बदलता येत नव्हता. आयपॉड 2022 मध्ये बंदच झाला. डबी धडधाकट असो नसो, मागचं दुकान उठलं की ती खडा.

मोबाइलवाल्याच्या बिनव्याजी हप्त्याबद्दल थोडक्यात. 24 हजारांना महिना 2 हजार दिसतात खरे. पण बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देऊन ते झाकतं. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या माथी. व्याज 16 टक्के धरलं तर हे साडेतीनशे रुपये होतात, वर प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम मोठी नाही. खरी अडचण ही की रोख दिलं असतं तर जी सूट मागता आली असती ती गेली, आणि 27 हजारांच्या पगारातून वर्षभर 2 हजार बांधले गेले. तुमचा फोन कॉल लागत नाही म्हणून बदलायचा असता तर मी वेगळं बोललो असतो.

पण ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ ता.क. मध्ये आहे.

एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 ला दार ओलांडलं. तुम्ही अजून अलीकडे आहात आणि धावून मागे सरकूही शकाल, ते डॉक्टर बघतील. मी बघतो ते विम्याकडे. घरात आरोग्य विमा नाही. आज अर्ज केला तर 6.1 लपवायचं नाही, फॉर्मवर विचारलं तर रिपोर्टसकट लिहायचं. कंपनी कदाचित थोडा जास्त हप्ता मागेल. पण मधुमेहाचं निदान झाल्यावर गेलात तर तो आधीपासूनचा आजार ठरतो, आणि त्याच्याशी संबंधित उपचारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतं हे खरं, पण ठरावीक उपचारांना आणि यादीतल्याच रुग्णालयांत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय. सेन्सरचे साडेआठ हजार त्या हप्त्यात घाला, उरलेली रक्कम दुकानातून काढा. यजमान कुरकुरतील. त्यांना सांगा, शटर बंद ठेवून दवाखान्यात बसावं लागलं तर दिवसाला किती जातात ते मोजा.

शिल्लक 40 हजारांना हात लावू नका. दुकानाचा धंदा मंदा झाला तर तोच तुमचा दीड महिना.

अमळनेरकरांना गुंतवणूक मी काय शिकवणार? 1945 साली तुमच्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली, आणि तिचे शेअर न विकता धरून बसलेल्यांच्या गोष्टी तुम्ही माझ्याहून जास्त ऐकल्या असतील. त्या गोष्टीतल्या कुणीही आधी नवा फोन घेतला नव्हता, एवढंच म्हणतो.

अंतर अचूक हवंच असेल तर पहाटे मैदानावर जा. पोलिस भरतीची पोरं तिथे असतात. त्यांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारायचे असतात, पूर्ण 20 गुणांसाठी. कुणाच्या बुटाला डबी नाही. मोजलेला ट्रॅक, चार फेऱ्या, आणि एकाच्या हातात स्टॉपवॉच. जानेवारीच्या शर्यतीतही 21.0975 किलोमीटर आयोजकांनीच मोजलेले असतील, आणि बऱ्याच शर्यतींत छातीवरच्या क्रमांकाला चिप असते, वेळ तीच देते.

एका गोष्टीवर मात्र खर्च करा, बुटांवर. तुम्ही शाळेच्या क्रीडादिनाचेच घालून धावत असाल असा माझा अंदाज. धावण्याच्या बुटाचा तळ साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये बसतो. वरून बूट नवा दिसतो, गुडघा आधी तक्रार करतो. चार-साडेचार हजारांत बरा जोड मिळतो. बूट घ्यायला जळगावला गेलात तर संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो. धावताना घालता तेच मोजे सोबत न्या, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का ते उभं राहून बघा.