आत्याने तिचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओग्राम, म्हणजे एकाच लाकडी पेटीतला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, भेट दिलाय, बंद आहे. ठेवावा का?

घरात त्याला कायमची जागा असेल तर ठेवा. गॅलरीत पावसाच्या ओलीत उभा करणार असाल, तर आत्याला विचारून आजच हौशी माणसाला देऊन टाका.

ठेवणार असाल तर आधी एक करा: चालतोय का बघायला पिन लावू नका. वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटमधले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) खराब झालेले असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कपॅसिटर स्वस्तात मिळतात, तसाच ट्रान्सफॉर्मर मिळणं कठीण. जाणता मेकॅनिक आधी सिरीजमध्ये बल्ब लावूनच सेट तपासतो, म्हणजे शॉर्ट असला तरी बल्ब जादा करंट अडवतो. (न लावणारा असेल तर दुसरा शोधा.) आत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरू शकतो, म्हणून मागचं झाकण स्वतः उघडू नका. लाकडाला वाळवी लागलीय का, ते मात्र तुम्हीच बघा.

रेडिओवर ऐकायला फार काही मिळणार नाही. या सेटांवर सहसा एफएम नसतं. पुण्यात असाल तर मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला आकाशवाणी, तीही एलईडी दिव्यांच्या खरखरीसकट. ब्लूटूथ बसवून देणारे भेटतील. बसवा, पण मूळ चासी (आतला, सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) उपटून नको.