मासा जिवंत आणा

प्रश्न : निफाड तालुक्यात द्राक्षबागेला लागून आमचं प्लॅस्टिक कागदाचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत. पंधरा दिवसांपासून मासे कागदाला अंग घासतात. मेलेले तीन मासे बर्फात घालून नाशिकला तपासायला नेले, तर मायक्रोस्कोपखाली काही सापडलं नाही. आता पीसीआर (डीएनए तपासणी) करायचं का? खर्च परवडणारा नाही.

उत्तर : दादा, पीसीआरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. मला खोट मायक्रोस्कोपात नाही, बर्फातल्या माशांत दिसते. मासा मेला की माशाची ऊ त्याला सोडून पोहत निघून जाते, आणि बारीक परजीवी मरून विरघळतात.

माझ्याकडे एकदा दिंडोरीहून अशीच बर्फातली कटला आली होती. कल्ले कोरे. दुसऱ्या दिवशी त्याच तळ्यातली जिवंत कटला मागवली. कल्ल्याचा नखाएवढा तुकडा तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून शंभरपट मोठा करून पाहिला. जळवेसारखा एक जीव कल्ल्याला धरून आखडत होता, ताणत होता. डोक्याशी चार काळे ठिपके. तो डॅक्टिलोगायरस, कल्ल्यावरचा परजीवी कृमी. बाजूला ट्रायकोडिना हा एकपेशीय परजीवी दातेरी चकतीसारखा गरगरत होता. आम्ही ओळखतो ते बरंचसं या हालचालीवरून, आणि बर्फात नेमकी तीच थांबते.

पीसीआर वाईट नाही. परजीवी अगदी थोडे असले तरी त्यांचा डीएनए तो पकडतो. पण ज्याचा प्रायमर (त्या जीवाचा डीएनए ओळखणारा छोटा तुकडा) घालाल तेवढंच तो शोधतो, आणि मेलेल्या परजीवीचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो. कल्ल्यावर किती किडे आहेत, हे साध्या तपासणीत मोजता येतं. औषधाचा निर्णय त्यावर ठरतो. पेशींचं नुकसान बघायचं असेल तर फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्याचे काप घेतात, त्याला काही दिवस लागतात. पुढेमागे पीसीआर लागलाच तर नमुना अल्कोहोलमध्ये द्या. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो.

तेव्हा अंग घासणारे चार-पाच मासे तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत सकाळी लवकर आणा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीनने मासा आणि परजीवी दोन्ही मरतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी पाण्यातला ऑक्सिजन मोजून घ्या.

आणि हात जोडून सांगतो, तोवर बागेच्या फवारणीतलं सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओतू नका. माशांना ते अतिशय विषारी आहे.