तुला ओळखणारे दोन प्राध्यापक

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज मी दोनदा वाचला. तीनशे मुलांचा हॉल, पेपर तपासायला टीए (प्राध्यापकांच्या हाताखालचे वरच्या वर्गातले विद्यार्थी), सेमिस्टर निम्मं सरलं तरी तुला नावानं हाक मारणारा एकही प्राध्यापक नाही. आणि तुझ्या यूमासपासून, म्हणजे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठापासून, दीड-दोन मैलांवर अ‍ॅमहर्स्ट कॉलेज, जिथे चारही वर्षांची मिळून दोन हजारांच्या आतबाहेर मुलं. येत्या मार्चमध्येच तिथे ट्रान्सफरचा अर्ज करायचा, असं तुझ्या मनानं घेतलंय.

तुझी घालमेल मला कळते, कारण मीही एका मोठ्या विद्यापीठातून एका छोट्या खाजगी कॉलेजात गेले होते. केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेचा निकाल हॉलच्या दाराला चिकटवलेला, नावांऐवजी नुसते नंबर. गर्दीतून वाट काढून स्वतःचा नंबर शोधला आणि त्याच रात्री अर्ज मागवायचं ठरवलं. अर्ज हातात आला तेव्हा पहिल्याच पानावर अडले: शिफारसपत्र कोण देणार? मला ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं.

ते वर्ष तसंच गेलं. पुढच्या सेमिस्टरला मी दर बुधवारी इतिहासाच्या सरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे मुलांना भेटायच्या त्यांच्या ठरलेल्या वेळेला, जायला लागले. दोन ते चार त्यांचं दार उघडं असायचं आणि आत कुणीही नसायचं. पहिल्या दिवशी मी दारात घुटमळत होते. ते सफरचंद कापत होते, ते बाजूला ठेवून त्यांनी खुर्चीवरचा पुस्तकांचा ढीग उचलला आणि मला बसायला जागा केली. मी नेलेला प्रश्न दोन मिनिटांत संपला. मग त्यांनीच मला पाऊण तास प्रश्न विचारले. पुढे माझं शिफारसपत्र त्यांनीच लिहिलं.

म्हणून सांगते, जिथून निघायचंय तिथेच आधी तुझी ओळख व्हायला हवी. निवडक, म्हणजे मोजक्यांनाच प्रवेश देणारी कॉलेजं बहुधा तुला शिकवलेल्या प्राध्यापकांचीच पत्रं मागतात, चालू सेमिस्टरचे मार्क मागतात आणि निबंधात विचारतात की तुला तिथे नेमकं काय करायचंय. 'इथे गर्दी आहे' हे त्याचं उत्तर होत नाही. इथलं काय काय करून पाहिलंस आणि नेमकं काय अपुरं पडलं, हे तुला दाखवता आलं पाहिजे. शिवाय या मार्चला अर्ज केलास, तर तुझ्याकडे एकाच सेमिस्टरचे ग्रेड असतील आणि त्यांचं लक्ष जास्त तुझ्या बारावीच्या मार्कांवर जाईल. एक वर्ष थांबलीस, तर तू इथे काय केलंस ते वाचलं जाईल. तुझ्या जागी मी असते, तर थांबले असते.

जागांचंही खरं ते सांगते. या कॉलेजांतून फारशी मुलं मध्येच सोडून जात नाहीत, त्यामुळे ट्रान्सफरच्या जागा मोजक्या असतात आणि दरवर्षी कमीजास्त होतात. प्रिन्स्टननं तर 1990 नंतर 2018 पर्यंत ट्रान्सफर घेणंच बंद ठेवलं होतं, आणि पुन्हा सुरू केलं ते कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांतली) मुलं, माजी सैनिक आणि कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं डोळ्यांसमोर ठेवून. मला ते योग्यच वाटतं. पण आधीच चांगल्या विद्यापीठात असलेली मुलगी त्यांच्या मनात पहिली येत नाही, हे धरून चाल.

आता तुझ्या हातात आहे ते. तू फाइव्ह कॉलेजेसच्या, म्हणजे एकमेकांच्या मुलांना कोर्स घेऊ देणाऱ्या शेजारशेजारच्या कॉलेजांच्या, मधोमध राहतेस! यूमासची विद्यार्थिनी म्हणून अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक इथले कोर्स तुला वेगळी फी न भरता घेता येतात. पीव्हीटीएची, म्हणजे तिथली स्थानिक, बस दारातून जाते. पहिल्या सेमिस्टरला सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून पुढच्या, स्प्रिंग सेमिस्टरसाठी आत्ताच अ‍ॅडव्हायझरला भेट. तुला मानववंशशास्त्र खुणावतंय ना? तोच एखादा सेमिनार घे. दहा-बारा जणांच्या टेबलाशी न वाचता जाऊन बसलं की कसं वाटतं, तेही कळेल. तिथे शेवटच्या रांगेत लपता येत नाही. मला पहिले दोन महिने घशातून शब्द फुटत नव्हता.

उलट, तुझ्या कॉम्प्युटर सायन्ससाठी यूमासचा विभाग फार मोठा आहे. छोट्या कॉलेजात वरच्या पातळीचे कोर्स मोजकेच निघतात, आणि अ‍ॅमहर्स्टची मुलंही त्यासाठी तीच बस पकडून तुझ्याकडे येऊ शकतात.

पैशांचं बाबांशी आकडे मांडून बोल. अशा कॉलेजांचा राहण्याखाण्यासकट खर्च आता वर्षाला 90 हजार डॉलरच्या घरात आहे. परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत हवी असेल, तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश देताना तेही तोललं जातं, आणि प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर पुढे मागता येत नाही असाही नियम असतो. बाबांना 'पुढचं पुढे बघू' म्हणू देऊ नकोस.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेव, इथले कोर्स तिथे क्रेडिट म्हणून धरताना तोच मागतात. निवडक कॉलेजं बहुधा किमान दोन वर्षं त्यांच्याकडेच पूर्ण करायला लावतात, तेव्हा फार उशीरही चालत नाही. आय-20 चं, म्हणजे स्टुडंट व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदाचं, तुझ्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय काही करू नकोस.

आणि एक. मी तिथे पोचले तेव्हा सगळ्यांचे कंपू पहिल्या वर्षीच जमलेले होते. डायनिंग हॉलमध्ये ट्रे घेऊन कुठे बसावं, हा प्रश्न मला डिसेंबरपर्यंत पडत होता. तरी मला गेल्याचा पश्चात्ताप नाही. तुलाही जावंसं वाटलं, तर तुझा निबंध मी ओळ न् ओळ वाचेन.

या आठवड्यात एक कर. तुझ्या सगळ्यांत मोठ्या वर्गाच्या प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स सिलॅबसवर लिहिलेले असतील. एक खराखुरा प्रश्न घेऊन जा, आणि त्यांनी काय विचारलं ते मला रविवारी फोनवर सांग.

तुझी,
मावशी