फील्ड मार्शल हे पद नुसतं नावापुरतंच असतं का? त्यांना पगार मिळतो का?

नावापुरतं अजिबात नाही. लष्करातला हा सर्वात वरचा हुद्दा आपल्याकडे आजवर दोघांनाच मिळाला. १९७१ च्या युद्धातले लष्करप्रमुख माणेकशॉंना १ जानेवारी १९७३ ला, आणि पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पांना १९८६ साली, निवृत्तीला तीसेक वर्षं उलटल्यावर. हाताखाली फौज नसते हे खरं, पण फील्ड मार्शल मरेपर्यंत सेवेतच धरला जातो. मग तो खोटा कसा?

हा प्रश्न आमच्या घरात वेगळ्या हुद्द्यावरून झालाय, म्हणून लिहितोय. माझे वडील पायदळात शिपाई म्हणून भरती झाले, सुभेदार मेजर झाले आणि नोकरीच्या शेवटी ऑनररी कॅप्टन, म्हणजे मानाने दिलेला कॅप्टनचा हुद्दा. अशा ऑनररी हुद्द्यांची यादी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला निघते आणि सगळ्याच सुभेदारांचं नाव काही तीत येत नाही. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ घरी आलं तेव्हा मामाने लाल पेनाने वडिलांच्या नावामागचं 'ऑनररी कॅप्टन' खोडलं. "दाजी, उगाच कशाला? लोक म्हणतील, हे कुठले कॅप्टन!" वडील काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि आईच्या साड्यांखाली ठेवलेलं गॅझेटचं पान आणून प्रुफाशेजारी ठेवलं. मामाने ते उचलूनसुद्धा बघितलं नाही. प्रूफ घेऊन मीच प्रेसमध्ये गेलो आणि खोडलेलं परत घालून घेतलं. मामा त्यावरून आजही बोलतो.

माझं स्पष्ट मत आहे, कॅप्टनच्या खांद्यावरचे हे तीन स्टार फार महाग असतात. सियाचीनची चौकी जिंकून परमवीरचक्र मिळवणारे बाणा सिंग ऑनररी कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्यासमोर उभं राहून कुणी 'नावापुरते' म्हणून दाखवावं.

पगाराचं विचारलंत. फील्ड मार्शलला तो आयुष्यभर मिळायला हवा. पण माणेकशॉंची थकबाकी वर्षानुवर्षं अडकून होती. एक कोटीहून जास्त रकमेचा चेक त्यांच्या हातात पडला तो २००७ साली, पुढच्या वर्षी ते गेले. मान द्यायचा आणि पैसे अडवायचे, हे मला पटत नाही.

एक मात्र आहे, फील्ड मार्शल आणि ऑनररी कॅप्टन यांची बरोबरी मी करत नाहीये. पहिला लष्करातला सर्वात वरचा हुद्दा, दुसरा सुभेदाराच्या उभ्या नोकरीची पावती. शिवाय ऑनररी हुद्दा नोकरीत असताना मिळाला की निवृत्तीनंतर, यावर पेन्शनचा हिशेब बदलतो, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. पण तुमच्या घरात कुणी असतील, तर पत्रिकेत 'सुभेदार मेजर आणि ऑनररी कॅप्टन' असं पूर्ण छापा. त्यासाठी कुठल्या मामाची परवानगी लागत नाही.