नाशिकमध्ये नवीन वकिली सुरू केली आहे. ब्लॉग, इन्स्टाग्राम, फेसबुकवर जाहिरात करून अशिलं मिळवता येतील का?

जाहिरात नाही, लेखन मात्र जरूर करा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही. 2008 च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट चालते, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच द्यायची. ‘केस जिंकून देतो’, अशिलांचे अभिप्राय, पैसे भरून बूस्ट केलेल्या पोस्ट यांच्या वाटेला जाऊ नका. तक्रार झाली तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली सनद निलंबित होऊ शकते.

लिहायचं ते आपल्या लोकांच्या अडचणींवर, मराठीत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला व्यापाऱ्याने दिलेला चेक परत आला, तर तो आधी फोनवर विनवण्या करत बसतो आणि मुदत हातची जाते. त्याला सांगा: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला पैसे द्यायला 15 दिवस, तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. बँकेचा रिटर्न मेमो (चेक का परत आला ते सांगणारी चिठ्ठी) आणि माल दिल्याच्या पावत्या जपून ठेवायला सांगा. एवढी एक पोस्ट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक स्वतःच फिरवतात. फेरफार नोंद, वाटणी यांवरही असंच लिहा.

कमेंटमध्ये कुणी केसचे कागद टाकले तर तिथे सल्ला देऊ नका आणि अशिलाची गोष्ट नाव बदलूनही लिहू नका. तालुक्यात माणूस लगेच ओळखू येतो.