कोकाचं पान, चुना आणि सासूबाई

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. परवा घरी सगळे बसून बोलिव्हियातल्या कोकाच्या पानांवरची एक डॉक्युमेंटरी बघत होतो, खाणीतले कामगार, शेतातल्या बायका, सगळ्यांच्या गालात पानांचा तोबरा, आणि सासूबाईंनी मध्येच टीव्ही बंद केला, म्हणाल्या पोरांसमोर नशेचं कौतुक नको. मुलगी अकरावीत आहे, तिचं म्हणणं ही त्यांची संस्कृती आहे. मला दोघींचं पटतंय. आणि ते लोक पानासोबत राखेसारखं काय खातात?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : राखेपासूनच सुरू करते, कारण ती सासूबाईंना लगेच कळेल. क्विनोआ या तिकडच्या धान्याची ताटं वगैरे जाळून त्या राखेची वडी करतात, काही ठिकाणी सरळ चुनाच घेतात. पान नुसतं गालात धरलं तर विशेष काही होत नाही, राखेतल्या क्षारामुळे त्यातलं द्रव्य सुटतं आणि तोंडातूनच अंगात भिनतं, मग भूक आणि थकवा जाणवत नाही. आपण विड्याच्या पानाला चुना लावतो, सुपारीची तरतरी येते त्यात चुन्याचं काम असंच असतं, म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना लोकांनी एकच युक्ती शोधली. मला तरी हे फार भारी वाटतं.

आणि विडा जसा आपल्याकडे देवापुढे लागतो, लग्नात लागतो, तशी तिकडे तीन चांगली पानं निवडून, त्यावर फुंकर घालून डोंगरांना आणि पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, वाहतात. बोलिव्हियातलं ला पाझ शहर 3,600 मीटर उंचीवर आहे, तिथे नव्या माणसाला धाप लागली की आधी कोकाचा चहा देतात. पानात कोकेन साधारण एक टक्क्याहून कमी असतं, ते शुद्ध रूपात वेगळं काढलं जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट नीमननं, 1860 च्या सुमारास. पान त्याच्या हजारो वर्षं आधीपासूनचं. तेव्हा मुलगी बरोबर बोलतेय.

पण सासूबाईंची भीती पण खोटी नाही हो. कोकेन याच पानातून निघतं. स्पॅनिश पाद्र्यांनी आधी पानाला सैतानी म्हटलं, पण बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत मजूर त्याच्याशिवाय राबेनात म्हटल्यावर विक्री चालू राहिली, त्यावर कर पण बसवला, म्हणजे उपाशी माणसाकडून काम करून घ्यायला हेच पान वापरलं. तुमच्या डॉक्युमेंटरीत हा भाग नसेल तर ती अर्धीच गोष्ट सांगते असं मी स्पष्ट म्हणेन.

1961 च्या अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारानं पान चघळणं 25 वर्षांत बंद करायचं ठरवलं, चघळणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. बोलिव्हियानं 2009 च्या राज्यघटनेत कोकाला वारसा म्हटलं, मग करारातूनच बाहेर पडून 2013 मध्ये पान चघळायची सूट राखून परत आत आला.

आपल्या माळव्यात हे समजायला कठीण नाही. दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखस आणि नीमच-मंदसौरकडची सरकारी परवान्याची अफू एकाच बोंडातली. अफू गुंगी आणते, कोका जागं ठेवतो, एवढा फरक आहेच. सासूबाईंना हे सांगा, त्यांच्या आईचा पानाचा डबा कसा होता ते विचारा आणि उरलेली फिल्म तिघी मिळून बघा.

आणि हो, कोणी पेरूला फिरायला गेलं तर तिथून कोकाचा चहा आणायला सांगू नका, आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान पण येतं.